तिला फूट काढू द्या

सांगलीत मी ज्या घरात तीन वर्षं भाड्याने राहिले, तिथे कॅलेंडर गुडघ्याच्या उंचीवर टांगलेलं असे. तारीख काय, तिथी काय, दूधवाल्याचा खाडा कधी झाला, हे बघायचं तर खाली उकिडवं बसावं लागे. आरसाही तसाच. केस विंचरताना मी मांडी घालून बसे आणि घरमालकाच्या नावाने बोटं मोडत असे. देव्हारा जमिनीवर, शेगडी जमिनीवर, घड्याळ भिंतीला टेकवून जमिनीवर. छताला पंखा नव्हता, नुसता हूक होता, तोही वाकवून टाकलेला. कपडे वाळत घालायची दोरी कमरेइतकी, त्यामुळे साडी वाळत घातली की ती निम्मं अंगण झाडून काढी.

आणि हे सगळं ज्यांनी मांडलं होतं ते काका चांगले सहा फुटांच्या वर उंच होते. दारातून आत येताना चौकटीला डोकं लागू नये म्हणून ते वाकत, ते आत आल्यावरही वाकलेलेच राहत. गल्लीत त्या घराला 'बसकं घर' म्हणायचे. काकांना काय म्हणायचे ते इथे लिहीत नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं.

मी मूळची खंडाळ्याची. शिक्षण संपवून सांगलीत एका लॅबमध्ये लागले, रक्त-लघवी तपासायला. खोली बघायला गेले तेव्हा काकांनी गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, लग्नाचं विचारलं नाही. खालपासून वरपर्यंत एकदा बघितलं आणि म्हणाले, "तुमची उंची किती, मॅडम?"

"पाच फूट."

"झ्याक. कपाट हाय?"

"आहे. लोखंडी."

"आडवं ठेवणार असला तर खोली तुमची."

मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. तीन वर्षं मी ते कपाट जमिनीवर पाठीवर निजवून वापरलं. त्याचं दार मी पेटीच्या झाकणासारखं उघडत असे. मैत्रिणी घरी आल्या की आधी हसत आणि मग 'खोली बदल' म्हणत. मी बदलली नाही, कारण भाडं कमी होतं आणि म्हातारा एरवी कशात नसे.

एकदाच आमचं चांगलं वाजलं. मी बाजारातून एक घडीची लोखंडी मांडणी आणली होती आणि तिच्या वरच्या खणावर माझी मोठी बॅग चढवून ठेवली होती. काका दारावरून जाता जाता थबकले.

"बॅग खाली घ्या."

"घेते नंतर."

"आत्ता घ्या."

मी भांडी घासत होते. म्हटलं, एवढी घाई आहे तर तुम्हीच काढा, तुमचा हात सहज पोचेल. त्यांनी दोन्ही हात मागे बांधले आणि तिथेच उभे राहिले. माझी भांडी झाली, फरशी पुसून झाली, तरी ते उभेच. शेवटी मीच शेजारून स्टूल मागून आणलं, त्यावर चढले, धडपडत ती बॅग खाली ओढली आणि आदळली. काका निघून गेले. माझ्या मनात आलं, काय हा खवीसपणा! एवढा ताडमाड माणूस, हात वर करायला काय जातं! नंतर लक्षात आलं की त्यांचे हात खांद्याच्या वर गेलेले मी कधी बघितलेच नाहीत. सदरासुद्धा पुढून बटणांचा, डोक्यातून घालायचा नाही. शेजारणीने तुटलेली वायर धरायला बोलावलं तर हे सरळ नाही म्हणाले होते, आणि तेव्हापासून ती त्यांच्याशी बोलत नव्हती.

नोकरी त्यांनी पाटबंधारे खात्यात केली. नदीच्या काठाला पाण्याची उंची दाखवणारे आकडे रंगवलेले असतात, ते वाचायचे आणि वर कळवायचे, हे त्यांचं काम. म्हणजे पाणी त्यांच्या हातावरच्या तिळासारखं ओळखीचं. तरीही मी येण्याआधीच्या मोठ्या पुरात त्यांचं सगळं गेलं. सगळं खालीच ठेवलेलं, ते राहणार कसं? गल्लीतल्या लोकांनी पूर ओसरल्यावर माळे काढले, वरचे मजले चढवले. काकांनी चिखल काढला आणि सगळं पुन्हा जमिनीवर मांडलं. मी एकदा न राहवून म्हटलं, "काका, इथे पूर येतो. वस्तू वर नकोत का ठेवायला?"

ते म्हणाले, "पाणी सांगून येतं, मॅडम. जमीन सांगत न्हाई."

ते मूळचे कोयनानगरचे आहेत आणि वडील धरणाच्या कामावर होते, एवढं मला माहीत होतं. भूकंपाची भीती बसली असेल, हा माझा तर्क. तो अर्धाच बरोबर होता.

मागच्या अंगणात न्हाणीच्या भिंतीलगत एक वाफा होता. आडवे झोपले तर काकांचे पाय बाहेर राहतील, एवढाच. त्यात टोमॅटो. पण बाजारात मिळतो त्या जातीचे नव्हेत. शेतात टोमॅटोला बांबू लागतात, तार लागते, सुतळीने बांधून त्याला वर चढवावं लागतं. यांची रोपं गुडघ्याच्या वर कधी जात नसत. खोड जाड, पानं गर्द आणि चुरगळलेली, अंगाने भरलेलं बुटकं झुडूप. आधार नको, बांधणं नको. उंची संपली की ते आडवं पसरे, प्रत्येक बगलेतून फूट काढी आणि त्या प्रत्येक फुटीला घोस लागत. तीन-चार आठवड्यांत सगळे टोमॅटो एकदम पिकत आणि रोप संपे.

"उंच वाढलं की पडतं," काका म्हणत. "हिला पडायची भीतीच न्हाई."

ते पाणी पेल्याने घालत, बुडाशी, पानावर थेंब उडू न देता. खाली उसाचं पाचट अंथरत, म्हणजे टोमॅटो मातीला टेकून कुजू नयेत. पिकले की सुपात घेऊन घरोघर दोन-दोन वाटत. जी शेजारीण बोलत नव्हती तिच्या उंबऱ्यावरही दोन ठेवून येत. स्वतः एकही खात नसत. पहिला पिकलेला बियांसाठी ठेवत. त्याचा गर वाटीत पाण्यात तीन दिवस आंबवायचा, त्या वासाने माझं डोकं उठे. मग बी धुवायचं, वर्तमानपत्रावर वाळवायचं आणि पुडी बांधायची. पुराच्या वेळी नावेत बसताना त्यांनी घरातली एकच वस्तू घेतली होती, सदऱ्याच्या खिशात ती पुडी.

त्या रोपांबद्दल ते नेहमी एकवचनात बोलत. रोपं चार असोत की दहा. "तिला पाणी घातलं." "ती रुसलीया आज." "तिला ऊन सोसंना." आपण गाईबद्दल, नदीबद्दल असं बोलतोच, म्हणून मी कधी विचारलं नाही.

माझ्या कामात एक नियम आहे. नमुन्याच्या बाटलीवर नाव नसेल तर तो नमुना मी तपासत नाही. समोरचा कितीही म्हणाला की अहो, हा त्या कॉटवरच्या बाईंचा, तरी परत पाठवते. या बाबतीत मी लॅबमध्ये खडूस म्हणून प्रसिद्ध आहे. हे आताच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्याला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

तिसऱ्या वर्षी काकांची तब्येत आणखीच उतरली. आदल्या सालात ते आजारीच होते, त्यामुळे वाफा रिकामा राहिला होता. दिवाळीनंतर त्यांनी जुनी पुडी काढली आणि सगळीच्या सगळी पेरली. रोज सकाळी जाऊन वाफ्यापाशी बसत. पंधरा दिवसांनी मला बोलावून म्हणाले, "बी म्हातारं झालं हुतं. सहाच आली."

"सहा पुष्कळ झाली की."

"पुष्कळ न्हाईत. दुसरं बी न्हाई माझ्याकडं, मॅडम. जगात कुणाकडं असंल तर ठावं न्हाई. ही सहा गेली तर संपली ती."

रोपं वीतभर झाली, फूट डोकावू लागली, आणि संक्रांतीच्या सुमाराला काकांना दम लागायला लागला. त्यांचा पुतण्या येऊन त्यांना मिरजेला दवाखान्यात घेऊन गेला. रिक्षात बसताना पाय दुमडत ते मला म्हणाले, "पेल्यानं पाणी घाला. दुसरं काय करू नका." मी हो म्हटलं.

आमच्याकडे दर रविवारी धुण्याभांड्याला एक मावशी येत. जतकडच्या, धनगर समाजाच्या. पाऊस नाही म्हणून माणसं मेंढरं विकून इकडे आलेली. बाकीचे दिवस त्या टोमॅटोच्या फडात मजुरीला जात आणि त्यांचा हात फार चलाख होता. त्या रविवारी कपडे वाळत घालताना त्यांनी वाफा बघितला आणि तोंडाला पदर लावला.

"आक्का, काय दशा झालीया! लय माजल्यात. फूट काढाय पायजे न्हवं."

"म्हणजे?"

"ही बगलंतनं आल्याली. ही सगळी खुडायची, तवा एक दांडा सरळ वर जातूय. न्हाईतर नुसता पाला. आमी रोज त्येच करतूय."

मी म्हटलं, थांबा, काकांना विचारते. शहाणपणा केला, फोन लावला. वॉर्डात कोणाचा तरी टीव्ही मोठ्याने चालू होता, काकांचा आवाज धापेत येत होता. मी ओरडून सांगितलं, "काका, टोमॅटोला बगलेतून फूट आलीय. मावशी आल्यात, त्या म्हणतायत—"

"आली?" काकांचा आवाज एकदम उजळला. "फूट आली? तिला फूट काढू द्या! आडवू नका तिला."

"बरं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आता हे ज्याला कळत नाही त्याला कसं समजावायचं? आमच्याकडे ऊस फुटवे काढतो, वेल फूट काढतो. काढतो म्हणजे बाहेर आणतो. आणि मजूर बाईसुद्धा फूट काढते, म्हणजे खुडते. शब्द तोच. मी मावशींना म्हटलं, "काढा. काका म्हणाले तुम्हाला अडवू नको."

अर्ध्या तासात काम झालं. मावशींची बोटं चटचट चालत होती आणि मी कौतुकाने बघत उभी होते. सहाही रोपं एकेका दांड्यावर आली, नुकती हजामत केलेल्या पोरांसारखी नीटनेटकी. खुडलेल्या फुटीचा ढीग नळापाशी पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली तेव्हा मी तो सुपलीत भरून गाडीत टाकला. अंगण स्वच्छ झालं म्हणून मला बरंही वाटलं.

काका बुधवारी परत आले. पुतण्याने हात धरून खाली उतरवलं, ते घरात न जाता सरळ मागे गेले. मी चहा टाकला होता. मी मागे गेले तर ते वाफ्यापाशी बसलेले, एका दांड्यावरून बोट फिरवत, जिथे जिथे खुडलं होतं तिथे तिथे थांबत.

"कुणी?"

"मावशींनी. काका, तुम्हीच फोनवर म्हणालात, तिला फूट काढू द्या."

त्यांनी ते वाक्य पुटपुटत एकदा म्हणून बघितलं. मग पुन्हा एकदा. दुसऱ्यांदा म्हणताना ते मध्येच थांबले आणि मला दिसलं की त्यांना कळलं. मला मात्र अजून कळलं नव्हतं.

"ती म्हंजे कोण वाटली तुमाला?"

"मावशी. मावशीच ना?"

त्यांनी वाफ्याभोवती नजर फिरवली आणि अगदी हळू, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "काढल्याली फूट कुठं हाय? पाण्यात ठिवली का?"

"पाण्यात?"

"आठ दिसात मुळ्या धरती. हिची फूट पाण्यात जगती. कुठं हाय?"

मी म्हटलं, घंटागाडीत टाकली. सोमवारी.

काकांनी मान हलवली. रागावले असते तर मी भांडले असते, माझा स्वभावच तसा आहे. ते रागावले नाहीत. चहा गार झाला. मी तिथेच त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले, आणि मग त्यांनी सांगितलं. माझ्याकडे न बघता, नदीचा आकडा वर कळवावा तसं.

"माझी धाकटी भन. बायडी. सा वर्साची. आमी कोयनंच्या कॉलनीत हुतो. एका साहेबाच्या बायकूनं तिला ही रोपं दिल्याली. तिनं तेलाच्या डब्यात लावली, दारात. मी बारा वर्साचा, पण ताडावानी वाढलेलो. आईचा हात माळ्याला पुरायचा न्हाई. आदल्या सांजंला आई म्हणली, ही ट्रंक वर ठेव रं. लोखंडाची. मी एका झटक्यात वर टाकली. बायडी टाळ्या वाजवाय लागली. पहाटं जमीन हालली."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

"उजाडल्यावर बघतो तर डबा तसाच दारात. कलंडला सुदीक न्हाई. दोन टोमॅटो पिकल्यालं." मग म्हणाले, "चूक माझी हाय, मॅडम. नाव घ्यायला पायजे हुतं. इतकी वर्सं मी तिचं नाव घेतलंच न्हाई. ती, ती, करत बसलो. तुमाला कसं कळणार कोण ती?"

बिननावाचा नमुना परत पाठवणारी बाई मी. त्या दिवशी मी रडले, आणि काका माझी समजूत घालत बसले. याची मला आजही लाज वाटते.

मावशींना कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. सगळी गोष्ट त्यांना आम्ही सांगितली नव्हती, नुसतं एवढंच की काकांना ते नको होतं. दोन दिवसांनी त्या फडातून चार रोपं घेऊन आल्या. मुळाला मातीचा गड्डा, वर कळ्या, चांगली हातभर उंच. "मोकळं मोकळं दिसतंय, वाईट वाटतंय बगा," म्हणत त्यांनी ती त्याच वाफ्यात, मधल्या जागेत लावली, काठ्याही रोवल्या. मी काकांकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी ते अडवतील.

"लावू दे," ते म्हणाले. "तिचा जीव तुटतुय." मग जरा थांबून, "मावशीचा," असं म्हणाले.

बोडक्या दांड्यांना थोडे टोमॅटो धरले, पण वर सावलीला पान नव्हतं. फेब्रुवारीच्या उन्हाने त्यांच्यावर पांढरे चट्टे पडले आणि ते एकेक करून कुजले. पाच रोपं वाळली. न्हाणीच्या सावलीतल्या सहाव्याला उशिरा पुन्हा फुलं आली. शेजारी मावशींची रोपंही भरात फुलली होती, मधमाश्या त्यांच्या फुलांवरून उठून याच्या फुलांवर बसत होत्या. काका खुर्ची नको म्हणून पायरीवर बसून ते बघत राहायचे. त्यांनी आयुष्यभर ते बी सांभाळलं होतं. तेव्हा त्या माशा काय करतायत हे त्यांना ठाऊक असणार, असं मला आता वाटतं. तरी त्यांनी मावशींची रोपं काढायला सांगितलं नाही.

त्या रोपाला एकच टोमॅटो टिकला. तो हिरवा असतानाच, होळीच्या आधी, काका गेले. दुपारी, पायरीवरच. तिरडीसाठी आणलेले बांबू त्यांना आखूड पडले आणि पुन्हा माणूस धाडावा लागला. लोक हळूच हसलेसुद्धा. उचलताना कोणीतरी म्हणालं, "खांद्याच्या वर घ्या रं," आणि मी वाफ्याकडे बघायला लागले.

पुतण्याने महिनाभराची मुदत दिली, घर विकायचं होतं. टोमॅटो पिकला. मी गर आंबवला, तीन दिवस वास सोसला, बी धुतलं, वाळवलं, पुडी बांधली. तिच्यावर पेनाने मोठ्या अक्षरात लिहिलं, बायडी.

पुढे माझं लग्न झालं, आता आम्ही साताऱ्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. गेल्या दिवाळीनंतर मी ती पुडी फोडली आणि गॅलरीत दोन कुंड्यांत सगळं बी पेरलं. पाच रोपं आली. पेल्याने पाणी घातलं, खाली पाचट नव्हतं म्हणून वाळका पाला घातला. रोज लॅबमधून आले की चप्पल काढायच्या आधी कुंडीपाशी बसायचे आणि वीत लावून बघायचे.

ती गुडघ्यापर्यंत आली. मी थांबायची वाट बघत होते. ती थांबली नाहीत. मांडीपर्यंत आली, कमरेपर्यंत आली, खोड बारीक, पानं फिकी आणि लांब, गॅलरीच्या गजांना धरून वर निघाली. पाचही. मावशींच्या फडातली रोपं अशीच होती. मी ओळखायला आठ दिवस लावले, खरं तर ओळखलं पहिल्याच दिवशी होतं.

परवा सकाळी वारं सुटलं आणि त्यातलं सगळ्यात उंच रोप कठड्यावर कलंडलं. नवरा पेपर बाजूला ठेवून उठला, त्याने ते हाताने सरळ धरलं आणि मला विचारलं, "काठी लावू का याला?"

"लाव त्याला," मी म्हटलं.